चित्रात तिघी, नावात एकच : सुप्रीम्सच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची चिकित्सा

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यावर लागोपाठ तीन रविवार चर्चा ठेवली होती. माल्कम एक्स झाले, मार्टिन ल्यूथर किंग झाले, ब्लॅक पँथर आणि तिथून प्रेरणा घेऊन 1972 साली मुंबईत उभी राहिलेली दलित पँथर हेही झालं. शेवटच्या रविवारी मी म्हटलं, भाषणं पुष्कळ ऐकली, आज त्या काळातली गाणी ऐकू. मोबाईलला स्पीकर जोडला आणि सुप्रीम्स या गटाच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह लावला. दोन गाणी झाली. मग बारावीतली एक मुलगी मोबाईल हातात घेऊन म्हणाली, "ताई, चित्रात तिघी आहेत. मग नाव एकीचंच का?"

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. घरी येऊन मी या गटाचे निरनिराळे संग्रह एकापुढे एक ठेवून ऐकले आणि त्यांच्यावर काय छापलंय ते वाचलं. तेव्हा लक्षात आलं की त्या मुलीने नेमकी नस पकडली होती. 'ग्रेटेस्ट हिट्स' म्हणजे निव्वळ करमणुकीची वस्तू, असं आपण समजतो. प्रत्यक्षात तो एक इतिहासग्रंथ असतो. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, कुणाचं नाव मोठ्या अक्षरात छापायचं, कुणाचं छापायचंच नाही, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणून जी चिकित्सा आपण पाठ्यपुस्तकाची करतो, तीच या संग्रहांचीही केली पाहिजे.

आधी थोडी पार्श्वभूमी. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. दक्षिणेतला वर्णद्वेष आणि शेतमजुरी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत आले, त्यातले असंख्य इथे आले. शहरात काम मिळालं, पण राहायला जागा वेगळीच. ब्रूस्टर-डग्लस ही सरकारी वसाहत खास कृष्णवर्णीयांसाठी बांधलेली. फ्लोरेन्स बॅलर्ड, मेरी विल्सन आणि डायना रॉस या मुली याच वसाहतीत वाढल्या. 1959 साली शाळकरी वयात त्यांनी 'प्रायमेट्स' नावाचा गट केला. तेव्हा त्या चौघी होत्या. चौथ्या जागेवरच्या मुली बदलत गेल्या आणि 1962 पासून तिघीच उरल्या.

याच शहरात बेरी गॉर्डी नावाच्या माणसाने 1959 साली घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली, तीच पुढे मोटाऊन म्हणून जगभर गाजली. गॉर्डी पूर्वी मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करायचा. कारखान्याची ती शिस्त त्याने संगीतात आणली. गाणं लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. कसं चालायचं, कसं बसायचं हे शिकवायला वेगळ्या बाई, नाच बसवायला वेगळा माणूस. दर आठवड्याला बैठक घेऊन कोणतं गाणं बाजारात सोडायचं आणि कोणतं बाद करायचं ते ठरायचं. कृष्णवर्णीय मालकाची ही कंपनी गोऱ्यांच्या बाजारात टिकली आणि जिंकली, हे छोटं काम नव्हतं.

1961 च्या जानेवारीत या मुलींचा मोटाऊनशी करार झाला. गटाचं नाव बदलायचं होतं. नावांची एक यादी पुढे आली आणि त्यातून 'सुप्रीम्स' हे नाव निवडलं फ्लोरेन्सने. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहिली तीन वर्षं त्यांचं एकही गाणं धड चाललं नाही. कंपनीतले लोक 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणून त्यांची टिंगल करायचे. तेव्हा मुख्य आवाज कुणा एकीचा ठरलेला नव्हता. 1961 मधलं 'बटर्ड पॉपकॉर्न' फ्लोरेन्सने गायलंय. मग गॉर्डीने डायनाचा आवाज पुढे ठेवायचं ठरवलं आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' पहिल्या क्रमांकावर गेलं. मार्व्हलेट्स नावाच्या दुसऱ्या गटाने नाकारलेलं हे गाणं. त्यानंतर लागोपाठ आणखी चार गाणी पहिली आली. 1969 पर्यंत या गटाची एकूण 12 गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. 1966 साली त्यांचा आल्बम पहिला आला. फक्त स्त्रियांच्या गटाचा आल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्याने खाली ढकलला तो बीटल्सचा आल्बम.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही लावला होता तो संग्रह मूळचा 1967 चा. दोन तबकड्या, 20 गाणी. हा संग्रह ऑगस्ट 1967 मध्ये बाजारात आला. त्याच्या आधीच्या महिन्यात काय काय घडलं ते पाहा. जुलै 1967 मध्ये डेट्रॉइट पेटलं. पोलिसांच्या एका धाडीतून उसळलेल्या उद्रेकात 43 माणसं मेली, शहरात लष्कर उतरलं. त्याच जुलैमध्ये लास व्हेगासच्या एका हॉटेलातले कार्यक्रम चालू असताना फ्लोरेन्स बॅलर्डला गटातून काढून टाकलं आणि तिच्या जागी सिंडी बर्डसाँगला उभं केलं. त्याच सुमारास गटाचं नावही बदललं. सुप्रीम्सचं झालं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स'.

आता संग्रह हातात घ्या. आतली वीसच्या वीस गाणी फ्लोरेन्सच्या काळातली. ती पहिल्यांदा आली तेव्हा प्रत्येकावर नाव होतं फक्त 'द सुप्रीम्स'. पण संग्रहाच्या वेष्टनावर नाव आलं 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स'. म्हणजे तिघींनी मिळून मिळवलेल्या यशाला मागाहून नवी पाटी लावली. गाण्यातला एक सूरही न बदलता इतिहास बदलला! ज्यांनी 1964 साली ही गाणी ऐकली त्यांना फरक कळत होता. पण आज साठ वर्षांनी मोबाईलवर शोधणाऱ्या मुलीला वाटतं की हे असंच होतं, एक गायिका आणि तिच्या मागे दोघी.

इतिहासाची लूट अशीच होते. जाळपोळ लागत नाही, फक्त पुढची आवृत्ती काढावी लागते.

फ्लोरेन्सचं पुढे काय झालं? ती दुसऱ्या कंपनीकडे गेली. पण मोटाऊनमधून बाहेर पडताना ज्या कागदांवर तिची सही झाली, त्यांनुसार आपण सुप्रीम्समध्ये होतो असं तिला जाहिरातीत म्हणता येत नव्हतं. जिने नाव निवडलं, तिलाच ते नाव बंद! दोन रेकॉर्ड आल्या, चालल्या नाहीत. तिने कंपनीवर दावा लावला, तो हरली. घर गेलं. मुलींना वाढवण्यासाठी सरकारी मदतीवर जगायची वेळ आली. 22 फेब्रुवारी 1976 रोजी वयाच्या 32 व्या वर्षी हृदयविकाराने ती गेली. तिला दारूचं व्यसन होतं, ती कार्यक्रम चुकवायची, हे खरं आहे आणि लपवायचं कारण नाही. पण किशोरवयात तिच्यावर बलात्कार झाला होता, हेही मेरी विल्सनने 1986 मधल्या आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे. समाजकार्यात रोज अशा मुली भेटतात. त्यांच्या जखमेला आधी 'बेशिस्त' म्हणतात आणि मग त्या बेशिस्तीची शिक्षा देतात. तेव्हा 'वागणूक खराब होती म्हणून काढलं' या एका वाक्यावर मी तरी फाईल बंद करणार नाही.

पुढचा संग्रह डिसेंबर 1969 चा. त्याचं नाव 'खंड 3', कारण 1967 च्या दोन तबकड्या खंड 1 आणि 2 धरल्या गेल्या. यात दोन मोठी गाणी आहेत. पहिलं 1968 चं 'लव्ह चाइल्ड', लग्नाबाहेर जन्मलेल्या, दारिद्र्यात वाढलेल्या मुलीचं मनोगत. झगमगीत गाऊन घालणाऱ्या सुप्रीम्सच्या तोंडी गरिबी आणि लाज हे विषय आले, ही मोठी गोष्ट होती. पण या गाण्यात मागचे आवाज मेरीचे आणि सिंडीचे नाहीत. ते 'अँडँटीस' या कंपनीतल्या तीन पगारी गायिकांचे आहेत. जॅकी हिक्स, मार्लीन बॅरो आणि लूव्हेन डेम्प्स यांनी मोटाऊनच्या असंख्य रेकॉर्डवर आवाज दिले, आणि वेष्टनावर त्यांचं नाव नसायचं. दुसरं गाणं 'समडे वुइल बी टुगेदर', म्हणजे कधीतरी आपण एकत्र येऊ. सुप्रीम्सचा निरोप म्हणून ते गाजलं. त्यातही मेरी नाही आणि सिंडीही नाही. एकत्र येण्याच्या गाण्यात गटातली एकटीच हजर! ज्या संग्रहाच्या टिपणात हे स्पष्ट छापलेलं नसेल, तो संग्रह ऐकणाऱ्याला फसवतो असं मी म्हणेन.

तिसरा मुद्दा शेवटच्या तारखेचा. 1974 चं 'अँथॉलॉजी' हे तीन तबकड्यांचं संकलन 1962 ला सुरू होतं आणि 1969 ला संपतं. जणू डायना गेली आणि गट संपला. वस्तुस्थिती काय? 14 जानेवारी 1970 ला डायनाचा शेवटचा कार्यक्रम झाला, तिच्या जागी जीन टेरेल आली आणि गट 1977 पर्यंत चालू राहिला. 1970 चं 'अप द लॅडर टू द रूफ', 1971 चं 'नेथन जोन्स', 1972 चं 'फ्लॉय जॉय' ही गाणी याच काळातली. 'फ्लॉय जॉय'मध्ये तर मेरी विल्सनचा आवाज पुढे आहे. पहिल्या दिवसापासून 1977 पर्यंत जी एकटी गटात टिकून राहिली ती मेरी, आणि बहुतेक संग्रहांत तिचा मुख्य आवाज शोधून सापडत नाही. पुढे आलेल्या 'द नंबर वन्स'मध्ये तर सुप्रीम्सच्या गाण्यांपुढे डायनाची एकटीची गाणी जोडलेली आहेत. गटाची पुढची वर्षं बाहेर आणि एका व्यक्तीची पुढची वर्षं आत. हा इतिहास गटाचा आहे की एका व्यक्तीच्या वाटचालीचा?

आता 'हिट' या शब्दाचीच चिकित्सा करू. हिट कुणी ठरवलं? 1970 चं 'स्टोन्ड लव्ह' हे गाणं कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या 'रिदम अँड ब्लूज' यादीत पहिलं आलं. सर्वसाधारण यादीत ते सातवं होतं. आता फक्त सर्वसाधारण यादीतली पहिल्या क्रमांकाची गाणी घेऊन संग्रह केला तर हे गाणं आपोआप गळतं. गंमत पाहा, नोव्हेंबर 1963 ते जानेवारी 1965 या काळात 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाने ती वेगळी यादी छापणंच बंद केलं होतं. सुप्रीम्सची पहिली तीन गाणी पहिली आली ती याच काळात. म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्यांत त्या वर्षी काय डोक्यावर घेतलं गेलं, याची मोजदाद त्या साप्ताहिकाच्या पानांवर नाही. ज्याची मोजणी होत नाही तो आकडेवारीत नसतो, आणि आकडेवारीत नसलेला इतिहासात येत नाही. हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

चौथा मुद्दा वाजवणाऱ्यांचा. या सगळ्या गाण्यांचा कणा म्हणजे 'फंक ब्रदर्स' ही कंपनीची वादकमंडळी. 'यू कान्ट हरी लव्ह' नीट ऐका. पहिल्या ठोक्यापासून जी बेस गिटार गाणं ओढत नेते, ती जेम्स जेमरसनची. मोटाऊनच्या मोठ्या आल्बमवर या वादकांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती 1971 साली, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. तोवर सुप्रीम्सचं शिखर उलटून गेलं होतं. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर कामगाराचं नाव नसतं, तसंच हे. पुढच्या वर्षी, 1972 ला, कंपनीने आपला मुक्काम लॉस एंजेलिसला हलवला आणि यातले बरेच वादक डेट्रॉइटमध्येच मागे राहिले.

पाचवा मुद्दा आवाजाचा, तांत्रिक आहे पण महत्त्वाचा. साठच्या दशकात ही गाणी मोनोमध्ये तयार व्हायची, म्हणजे सगळा आवाज एकाच धारेत. लोक ती छोट्या रेडिओवर आणि गाडीत ऐकणार, म्हणून कंपनीतही ती छोट्या स्पीकरवर तपासली जायची. पुढच्या कित्येक संग्रहांत त्याच गाण्यांची स्टिरिओ रूपं वापरली गेली. त्यात आवाज दोन बाजूंना फुटतात, ढोल आणि टाळ्या एकमेकांपासून सुटतात आणि मूळ धडक कमी होते. स्टिरिओ वाईट असं नाही. उलट मागचे आवाज आणि जेमरसनची बेस सुटी ऐकायची तर ते उपयोगी पडतं. पण त्या काळच्या वस्तीतल्या मुलीने जे ऐकलं ते ऐकायचं असेल, तर मोनोच हवं. चांगला संग्रह कोणतं रूप दिलंय ते सांगतो.

आता काही आक्षेप घेतले जातील, त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप, डायनाचा आवाज होता म्हणून तर गाणी चालली. हे बऱ्याच अंशी मान्य. तिचा पातळ, धारदार, जवळून बोलल्यासारखा आवाज रेडिओवर वेगळा उठून दिसायचा, आणि तिची मेहनत अफाट होती. तीही त्याच ब्रूस्टर वसाहतीतून आली, हे विसरून तिला खलनायिका करणं हा दुसरा अन्याय होईल. एका कष्टकरी मुलीला दुसरीच्या विरोधात उभं करायचं आणि मालकाने बाजूला राहायचं, हा जुना डाव आहे. माझा आक्षेप डायनाच्या गाण्यावर नाही, मागाहून लावलेल्या पाटीवर आहे. पहिल्या क्रमांकाच्या 12 पैकी 10 गाण्यांच्या काळात फ्लोरेन्स गटात होती. एवढं सांगायला डायनाचं काही कमी करावं लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की यांनी गोऱ्यांना आवडतील असे गाऊन घातले, त्यांच्या महागड्या क्लबात गायल्या, यात कसला लढा? हा आक्षेप चळवळीतल्या पुरुषांकडून जास्त येतो. ज्या देशात कृष्णवर्णीय बाई पडद्यावर बहुतेक वेळा मोलकरीण म्हणूनच दिसायची, तिथे डिसेंबर 1964 मध्ये देशभर पाहिल्या जाणाऱ्या एड सलिव्हनच्या कार्यक्रमात तीन कृष्णवर्णीय मुली मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला का सांगितलं, हे ज्याला समजलं त्याला या गाऊनचा अर्थ वेगळा समजवावा लागणार नाही. पण त्या सन्मानाची किंमत कुणी मोजली, हेही त्याच दमात विचारलं पाहिजे.

तिसरा आक्षेप सगळ्यात नाजूक आहे. मोटाऊन ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची संस्था, मग तिच्यावर टीका कशाला? आपल्यातल्याच माणसाचे पाय का ओढायचे? मित्रांनो, गॉर्डीचं कर्तृत्व मी वर लिहिलं आहे. याच कंपनीने 1963 साली डेट्रॉइटमधलं किंग यांचं भाषण रेकॉर्डवर आणलं. पण रेकॉर्ड कंपनी तीच, गाण्यांचे हक्क सांभाळणारी तीच आणि कलाकारांची व्यवस्थापकही तीच, अशी रचना असेल तर कलाकाराची बाजू मांडणार कोण? मालक आपला आहे म्हणून हिशेब विचारायचा नाही, ही भूमिका आपल्याला परवडणारी नाही. आपल्या संस्थांमध्येही सतरंज्या उचलणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, गाणी गाणाऱ्या बायांची नावं स्मरणिकेत किती असतात ते एकदा मोजून पाहा.

मग ऐकायचं काय? माझा निवाडा असा. निव्वळ गाणी म्हणून 1967 चा दुहेरी संग्रह अजूनही सगळ्यात भक्कम आहे. तिघींची उमेद, गाणी लिहिणाऱ्या हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रयीचं काम आणि फंक ब्रदर्सची ताकद, सगळं त्यात ऐन भरात आहे. तोच पहिल्यांदा ऐका, फक्त वेष्टनावरचं नाव खोडून वाचा. 'खंड 3' दुसरा ऐका, पण कोण गातंय आणि कोण गात नाही हे माहीत असू द्या. 'अँथॉलॉजी' भरपूर देतं, पण 1969 ला दार लावून घेतं. इतिहास म्हणून सगळ्यात प्रामाणिक मला 2000 साली आलेला चार सीडींचा संच वाटला. त्याचं नाव फक्त 'द सुप्रीम्स' आहे आणि तो सुरुवातीपासून सत्तरच्या दशकापर्यंत येतो. नवख्याला तो लांबलचक वाटेल, पण कोणत्याही एका काळाला तो संपूर्ण गोष्ट म्हणत नाही. 'द नंबर वन्स' मात्र मी कुणाला सुचवणार नाही.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीला उत्तर दिलं. म्हटलं, तुझा प्रश्न बरोबर होता आणि मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून मोबाईलवर आमचा स्वतःचा संग्रह केला. त्याची सुरुवात 'बटर्ड पॉपकॉर्न'ने होते, फ्लोरेन्सच्या आवाजात. मध्ये त्या बारातली सात गाणी आहेत. मग 'स्टोन्ड लव्ह' आणि 'फ्लॉय जॉय'. नाव काय द्यायचं यावर थोडा वाद झाला. शेवटी त्याच मुलीने टाइप केलं, फ्लोरेन्स, मेरी, डायना, सिंडी, जीन. नाव स्क्रीनवर पूर्ण मावत नाही. दोन ओळी लागतात.